मागचा टीव्ही बंद करा!

मराठी नाटकाला पडद्याचं वावडं कधीच नव्हतं. संगीत नाटकांच्या काळात कंपनी गावात आली की नटांच्या ट्रंकांबरोबर पडद्यांच्या भल्यामोठ्या गुंडाळ्याही उतरत. एक राजवाडा, एक रस्ता, एक जंगल, झालंच तर एक बाग. राजवाडा एकच असल्यामुळं त्यात काल दुष्यंत राहून गेलेला असे, आज कृष्ण राही आणि उद्या एखादा पेशवा. भाडेकरू बदलत, घर तेच. प्रेक्षकांची हरकत नसे. जंगलाला घडी पडली तर तिला डोंगर समजावं आणि वाऱ्यानं राजवाडा हलला तर राजाचं आसन डळमळीत आहे असं समजावं, एवढा समजूतदारपणा घरूनच घेऊन जायची पद्धत होती.

कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या जोडीनं असे पडदे रंगवून मोठं नाव मिळवलं. त्यातले बाबूराव पुढं सिनेमाकडे वळले आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' आला. नाटकाचा पडदा सिनेमाच्या घरी गेला तो असा. आता शंभर वर्षांनी सिनेमा नाटकाच्या पडद्यावर परत आलाय. लेक माहेरी आली, आनंद आहे. तिचं कौतुक करावं, चार दिवस पुरणपोळी करावी. पण येताना तिनं सगळं बिऱ्हाडच आणलं आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचा ताबा घेतला, तर घरच्या सुनेनं जावं कुठं? इथं घरची सून म्हणजे नट.

गेल्या पावसाळ्यात असंच एक 'भव्य डिजिटल नेपथ्य' असलेलं नाटक पाहिलं. नाव सांगत नाही. पोटावर पाय आणण्याची इच्छा नाही. पहिल्या अंकात पाऊस होता. ३० फुटी पडद्यावर तो असा कोसळत होता की एकेक थेंब शहाळ्याएवढा. नायिका खिडकीशी जाऊन म्हणाली, "किती पाऊस आहे बाहेर!" नाटककारानं हे वाक्य लिहिलं तेव्हा बिचाऱ्याला ते लागत होतं. आता आम्ही ९०० माणसं मनात म्हणालो, "होय बाई, दिसतोय." तेवढ्यात नायक बाहेरून आला. कोरडा ठणठणीत! शहाळ्यांच्या पावसातून आलेल्या माणसाच्या डोक्यावर टेंगूळ तरी असायला हवं होतं. पूर्वी विंगेतून येणारा नट दारात छत्री झटकायचा, पायपुसण्याला चप्पल घासायचा, 'चहा टाक गं' म्हणायचा आणि पहिल्या रांगेतली माणसं पदर, उपरणी सावरून बसायची. तो सगळा पाऊस एका छत्रीत मावत असे, आणि छत्रीसुद्धा नटाची स्वतःची असे.

दुसऱ्या अंकात स्टेशन आलं. प्रोजेक्टर समोरून टाकलेला आणि नायक पडद्याला जवळजवळ टेकून उभा. त्याचा सदरा पांढरा. गाडी सुटली ती थेट त्याच्या डाव्या खिशातून निघाली, चार बटणं ओलांडून उजव्या बाहीतून बाहेर पडली. इकडे नायिका त्याला 'विसरणार नाहीस ना?' विचारत होती आणि मी त्याच्या पोटावरून गेलेले डबे मोजत होतो. त्याच्या मागं त्याचीच एक राक्षसी सावली आभाळात उभी होती. ती मात्र फार सुंदर अभिनय करत होती.

इथवर हसण्यावारी नेता येईल. तिसऱ्या अंकात मात्र नाटकात खरोखरच काहीतरी घडलं. मुलगा कायमचा घर सोडून चाललाय. आई त्याला थांबवत नाही, रागावत नाही. डब्यात पोळ्या भरते, झाकण लावते, लागत नाही, पुन्हा लावते. बस एवढंच. त्या बाईंचा हात झाकणावर थरथरला. आयुष्यभर ज्या हातानं डबे भरले त्या हाताला आज झाकण सापडत नव्हतं. माझी खुर्ची अगदी डाव्या टोकाची, कमी पैशांची. विंगेमुळं मला मागचा पडदा बराचसा दिसतच नव्हता. म्हणून मला हात दिसला. नाटक सुटल्यावर मधल्या रांगेत, दुप्पट पैशांत बसलेला माझा मित्र भेटला. म्हटलं, "तो डबा!" तो म्हणाला, "कुठला डबा? ते ढग पाहिलेस का? काय ढग होते!" तेव्हा मला नाट्यगृहाच्या नव्या दरपत्रकाचा अर्थ कळला. महाग खुर्चीतून ढग दिसतात, स्वस्त खुर्चीतून नाटक.

या प्रयोगाची खरी समीक्षा माझ्या पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी केली. ढग दाटून आले तशा त्या नातवाला म्हणाल्या, "अरे, कुणाला तरी सांग की मागचा टीव्ही बंद करा म्हणून. ती काय बोलतेय ते ऐकू येत नाही." कुणाला वाटेल, टीव्ही बघण्याचा आणि ऐकू येण्याचा काय संबंध? आजीबाईंना तो ठाऊक होता. डोळा एकीकडे गेला की कान त्याच्या मागोमाग जातो.

यात प्रेक्षकाच्या रसिकतेचा दोष नाही. हलणारी आणि उजळ वस्तू दिसली की डोळा तिच्याकडे जाणार. पोथी वाचतानासुद्धा भिंतीवरची पाल हलली की नजर ओवीवरून उठते. मग एका बाजूला ३० फुटांचे धावते ढग आणि दुसऱ्या बाजूला वीतभर डब्याचं झाकण, असा सामना लावला तर झाकण हरणारच. अशा वेळी ढगांनी थांबायला हवं. चित्र नुसतं स्थिर झालं असतं तरी तो हात वाचला असता.

दुसरं भांडण उजेडाचं. प्रोजेक्टरचा विक्रेता ल्युमेन सांगतो. ल्युमेन म्हणजे यंत्रातून निघणारा एकूण उजेड. १०,००० म्हटलं की ऐकणाऱ्याचेच डोळे दिपतात. पण पडदा ३० फूट रुंद आणि २० फूट उंच असला तर तो भरतो सुमारे ५६ चौरस मीटर. १०,००० ला ५६ नं भागा, म्हणजे एकेका चौरस मीटरच्या वाट्याला पावणेदोनशेच्या आसपास उजेड येतो. एकत्र कुटुंबातल्या आमरसासारखं आहे हे. पातेलं कितीही मोठं दिसो, वाटीत येतो तो चमचाभर. नटाच्या चेहऱ्यावर पडणारा दिवा याच्या कितीतरी पट प्रखर असतो. तोच उजेड सांडून मागं पडद्यावर गेला की चित्र पाणी घातलेल्या ताकासारखं होतं. मग तंत्रज्ञ ओरडतो, "दिवे कमी करा!" म्हणजे चित्र दिसावं म्हणून चेहरे विझवायचे. नवरदेवाला फोटोसाठी मांडवाबाहेर काढण्यातलाच हा प्रकार.

नाटकावरचं माझं टिपण छापून आलं आणि आठवड्याभरात एका हौशी नाट्यसंस्थेचे सेक्रेटरी घरी आले. पन्नास वर्षं झाल्याबद्दल संस्था नवं नाटक करणार होती, आणि त्यात 'व्हिज्युअल्स' असायलाच हवीत असा ठराव कार्यकारिणीनं एकमतानं केला होता. नाटक कुठलं हे अजून ठरायचं होतं. "तुम्ही प्रोजेक्टरवर लिहिलंत ना, मग आमच्या बैठकीला या," ते म्हणाले. म्हटलं, "मी विरुद्ध लिहिलंय." ते म्हणाले, "चालेल. अनुभव महत्त्वाचा."

बैठकीला मी गेलो तोवर नाटक ठरलं होतं. एक जुना वाडा पाडला जातोय, त्याची गोष्ट. खजिनदार, दिग्दर्शक, एक हुशार तरुण कंत्राटदार आणि मधोमध बटाटेवडे अशी मांडणी होती. कंत्राटदारानं लॅपटॉपवर वाडा दाखवला. तो आधी उभा होता, मग फिरला, मग त्याच्या चौकातून कबुतरं उडाली आणि शेवटी तो प्रचंड आवाज करून कोसळला. टाळ्या झाल्या. खजिनदार हळूच म्हणाले, "आता नाटकात करायला काय उरलं?" हा माणूस पैशाचा हिशेब ठेवतो म्हणून आपण त्याला रुक्ष समजतो.

नंतर मोजमाप सुरू झालं, आणि बैठकीत खरा विनोद आला तो इथं. नट आणि पडदा यांच्यामध्ये सावली नको म्हणून प्रोजेक्टर पडद्याच्या मागं ठेवायचा असं ठरत होतं. प्रत्येक भिंगाचं एक गणित असतं. चित्र जेवढं रुंद हवं त्याच्या काही पट लांब यंत्र ठेवावं लागतं. नेहमीचं भिंग दीडपट मागतं. म्हणजे ३० फूट चित्राला ४५ फूट. आमच्या नाट्यगृहाचा रंगमंच मागच्या भिंतीपर्यंत सारा ३० फूट खोल.

"म्हणजे प्रोजेक्टर कुठं येईल?" सेक्रेटरींनी विचारलं.

"पडदा अगदी पुढं घेतला तरी भिंतीपलीकडे १५ फुटांवर," कंत्राटदार म्हणाला.

"तिथं उपाहारगृहाची कढई आहे."

जवळून मोठं चित्र टाकणारं भिंग मिळतं, ते महाग असतं, पण ०.८ पटीत भागतं, हे कळल्यावर जरा धीर आला. ३० गुणिले ०.८, म्हणजे २४ फूट. प्रोजेक्टर भिंतीच्या आत आला. पण पडदा २४ फुटांवर आल्यावर त्याच्यापुढं नटांसाठी ६ फूट उरले. पात्रं १४. सगळ्यांनी एका ओळीत उभं राहून राष्ट्रगीत म्हणायचं नाटक असतं तर जमलं असतं. मग यंत्र समोरच उंच टांगू, असं कुणी सुचवलं. तर उंचावरून तिरका टाकलेला प्रकाश खाली पसरतो. वाड्याला परकर नेसवल्यासारखं चित्र दिसतं. ते सरळ करता येतं, पण सरळ करताना चित्राचे बारकावे आणि उजेड दोन्ही थोडे खर्ची पडतात. शिवाय काळोख! यंत्राला काळा रंग येतच नाही. आपण 'अंधार' म्हणतो तेव्हाही ते करडा, मिणमिणता चौकोन टाकत राहतं. खऱ्या अंधारासाठी त्याच्या तोंडासमोर झडप लागते. हे ऐकून दिग्दर्शक म्हणाले, "काही नटांसाठीही ती मिळेल का?"

त्यात दौरा. दुपारचा प्रयोग ठाण्याला, रात्रीचा पार्ल्याला, अशी मराठी नाटकाची दिनचर्या. प्रत्येक नाट्यगृहाची खोली, उंची, टांगायच्या जागा वेगळ्या; दरवेळी चित्र नव्यानं बसवायचं. सोफा आणि खिडकी टेम्पोतून उतरवून अर्ध्या तासात मांडणारी आपली नेपथ्याची माणसं चपळ आहेत, पण गणित कुणालाच अर्ध्या तासात सुटत नाही.

कंत्राटदार मुलगा गुणी होता. तो शांतपणे म्हणाला, "सर, पण परदेशात सगळीकडे असंच चाललंय." आपल्याकडे वादात हे वाक्य आलं की समोरचा गप्प बसतो. मी बसलो नाही, कारण परदेशाचीच साक्ष माझ्या बाजूनं होती.

बर्लिनमध्ये एर्विन पिस्काटोरनं १९२७ साली एर्न्स्ट टोलरचं नाटक बसवलं. त्यातला नायक आठ वर्षं वेड्यांच्या इस्पितळात काढून बाहेर येतो. मधल्या काळात जग उलटंपालटं झालंय. ती आठ वर्षं पिस्काटोरनं फिल्मवर दाखवली. आठ वर्षं कुठला नट विंगेतून घेऊन येणार? तिथं पडद्याला स्वतःचं काम होतं. नटाचं काम हिसकावून तो आला नव्हता. पुढं प्रागच्या आल्फ्रेड राडोक आणि योसेफ स्वोबोदा यांनी १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात 'लातेर्ना माजिका' सादर केलं. रंगमंचावरची निवेदिका आणि पडद्यावरची तीच निवेदिका एकमेकींशी बोलायच्या. लोक वेडे झाले. पण त्यातून एक अडचणही जगाला कळली: फिल्म थांबत नाही. नट थांबू शकतो. आपल्याकडे तर विनोदाला पुण्यात स्मित येतं आणि रत्नागिरीत छप्पर उडतं. कसलेला नट तो हशा ओसरेपर्यंत पुढचं वाक्य जिभेवर धरून ठेवतो. पडद्याला हे शिकवायचं तर कळ दाबणारा माणूस लॅपटॉपकडे नव्हे, नटाकडे बघणारा हवा, आणि तो तालमीला पहिल्या दिवसापासून हवा. तबलजीला थेट मैफलीत बोलावून 'ठेका यूट्यूबवर ऐकून ठेवा' असं कुणी सांगत नाही.

भव्यतेचीही गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानं २०१० पासून वाग्नरची चार ऑपेरांची 'रिंग' मालिका रोबेर लपाज यांच्याकडून नव्यानं बसवून घेतली. २४ फिरत्या फळ्यांचं ४५ टनी यंत्र आणि त्यावर प्रक्षेपित चित्रं. रंगमंच त्या भारानं खचू नये म्हणून खालून पोलादानं बळकट करावा लागला. त्यात काही सुंदर होतं हे कबूल केलं पाहिजे; जलपऱ्या गायला लागल्या की त्यांच्या सुरांबरोबर पाण्याचे बुडबुडे उठत. पण पहिल्याच रात्री, अगदी शेवटी, सगळे देव इंद्रधनुष्याच्या पुलावरून स्वर्गात जाणार, तेवढ्यात फळ्या अडल्या आणि पूल काही झाला नाही. ४५ टनांनी देवांचासुद्धा स्वर्ग हुकवला; आपण तर माणसं.

याउलट लंडनच्या नॅशनल थिएटरनं २००७ साली 'वॉर हॉर्स' केलं, पहिल्या महायुद्धातल्या एका घोड्याची गोष्ट. मागं भलामोठा पडदा नव्हताच. वहीतून फाडलेल्या कागदासारखी एक लांबट पट्टी, आणि तिच्यावर पेन्सिलीनं काढल्यासारखी रेखाटनं. गोष्टीतल्या लष्करी अधिकाऱ्याच्या चित्रवहीचं ते पान. बाकी सगळा काळोख. घोडा म्हणजे बाहुला, आणि त्याला हलवणारी माणसं उघड दिसत होती. अर्धा घोडा त्यांनी केला, अर्धा प्रेक्षकांनी.

आणि परदेशात कशाला जायचं? आपलं 'तो मी नव्हेच' १९६२ साली आलं ते फिरत्या रंगमंचावर. तेव्हा तेही नवं तंत्रच होतं. पण एकाच भामट्याची पाच सोंगं प्रभाकर पणशीकर वठवणार, गोष्ट कोर्टातून गावोगावी जाऊन पुन्हा कोर्टात येणार. रंगमंच फिरला नाही तर नाटकच अडेल. तंत्र नाटकाच्या पोटातून आलं. दहा वर्षांनी, १९७२ साली, 'घाशीराम कोतवाल'मध्ये माणसांचीच ओळ भिंत म्हणून उभी राहिली. तिच्यात पडदा होता, दार होतं, पुणं होतं. ल्युमेन शून्य.

कंत्राटदार मुलगा सगळं लिहून घेत होता. मग त्यानं विचारलं, "सर, मग आपल्या वाड्यात नटाला न जमण्यासारखं काय आहे?" इतक्या वेळच्या बैठकीतला हा पहिला प्रश्न जो पहिल्यांदा विचारायला हवा होता. सगळे वडा हातात धरून गप्प झाले.

उत्तर दिग्दर्शकांनी दिलं. नाटकातली आजी शेवटी बिल्डरच्या माणसाच्या हातात किल्ली देते. त्या वाड्यात राहून गेलेली माणसं आता कुणीही नाहीत. त्यांना रंगमंचावर आणता येत नाही. त्यांचा एक ग्रुप फोटो, सगळे चौकात बसलेले, मुलं पुढं मांडी घालून. तो फोटो आजीच्या मागच्या चुन्याच्या भिंतीवर उमटावा. ८ फूट रुंद पुरे. हलायचं नाही, कबुतरं उडायची नाहीत. ४० सेकंद राहावा आणि आजीनं किल्ली दिली की भिंत रिकामी व्हावी.

८ फूट म्हटल्यावर सगळी गणितं एकदम माणसात आली. चित्र लहान, म्हणून तोच उजेड दाट पडणार. आजीचा चेहरा विझवायची गरज नाही. ती भिंतीपासून ६ फूट पुढं उभी राहील, दिवे बाजूनं आणि वरून येतील, भिंतीवर सांडणार नाहीत. यंत्र मध्यम चालेल. वाचलेल्या पैशांत तसंच दुसरं जोडीला ठेवता येईल, कारण यंत्र बिघडायचं ते प्रयोगातच बिघडतं. त्यात मी एकच अट घातली. एक अख्खी तालीम प्रोजेक्टर बंद ठेवून करा. तेव्हा ज्या जागी काहीतरी चुकल्यासारखं वाटेल, तेवढ्याच जागी तो लावा. कुठंच वाटलं नाही तर यंत्र सन्मानानं परत पाठवा, आणि खजिनदारांचा सत्कार करा.

तशी तालीम त्यांनी केली. किल्ली देताना आजी झालेल्या बाईंनी मागं वळून कोऱ्या भिंतीकडे पाहिलं, आणि समोर खुर्च्यांवर बसलेले आम्ही आठ-दहाजणही तिथं काहीतरी शोधू लागलो. फोटो त्या जागी राहिला. ढगांची फाईल कंत्राटदारानं आपल्या हातानं पुसली. त्याला वाईट वाटलं असणार. ढग खरंच चांगले होते.

उठता उठता खजिनदारांना शेवटची शंका आली. "समजा, प्रयोग चालू असताना वीज गेली तर?"

दिग्दर्शक चपला शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "मग कंदील लावू आणि नाटक करू."